गाडी कोणाची करायची

सामान न्यायला गाडी कोणाची करायची, यावरून आमच्या घरात आठ दिवस भांडण चाललं होतं. भांडण म्हणजे मी बोलायची आणि हे ऐकून घ्यायचे. आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर. माणूस शांत, इतका शांत की कधीकधी मला त्या शांतपणाचाच राग यायचा. जगातले सगळे लोक आपल्या वर्गातल्या पोरांसारखे आहेत, नीट समजावून सांगितलं की त्यांना समजतं, असा त्यांचा ठाम समज. माझा तसला काही समज नव्हता. माहेरी मी भांडकुदळ म्हणूनच प्रसिद्ध होते, आणि त्या पावसाळ्यात तर माझा कोणावरच भरवसा उरला नव्हता.

कुंभार पिंपळगावपासून चार-पाच मैलांवर, सडकेला लागून असलेल्या एका गावात आम्ही सहा वर्षं राहत होतो. भाड्याच्या दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे ओटा. गावातल्या बायका माझ्याकडून पत्रं वाचून घ्यायच्या, सणाला ताट पाठवायच्या. आम्ही बौद्ध आहोत हे गावाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कोणी काही बोलत नव्हतं, आणि बोलत नाहीत म्हणजे मनात काही नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. मग विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. कागदावर बदलायचं होतं ते एका विद्यापीठाचं नाव, आणि जळायला लागली आमच्या लोकांची घरं. एका संध्याकाळी आमच्या ओट्यावरून ओढ्यापलीकडे धूर दिसला. भर पावसाळ्यात शेतात कोणी काही पेटवत नाही. तो धूर कशाचा, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरमालक आला. एरवी ओट्यावर बैठक मारून चहा मागणारा माणूस, त्या दिवशी अंगणातच उभा राहिला. "मास्तर, माझं काई म्हननं न्हाई तुमच्याबद्दल," तो म्हणाला. "पन खोल्या खाली करा. माझं घर बी त्याच भिताडाला लागून हाये."

ह्यांनी जालन्याच्या बाजूला बदली मागितली होती, ती मंजूर होऊन आली. जालन्यात आमच्याच लोकांच्या वस्तीत एक खोली ठरली. आता तिथवर जायचं कसं, एवढंच राहिलं. एसटी कधी चालू असायच्या, कधी बंद. वाटेत थांबवून माणसं उतरवून घेतात, अशा बातम्या होत्या. खऱ्या किती, खोट्या किती, कोण जाणे. आमची मुलगी साडेतीन वर्षांची होती. मला रात्रंदिवस एकच दिसायचं, गाडी थांबली आहे आणि कोणीतरी तिला माझ्या मांडीवरून उचलतंय. भाकरी थापतानासुद्धा तेच दिसायचं. तिला मी न्हाणीत जातानाही बरोबर नेत होते.

ह्यांच्या मनात पहिल्यापासून बैलगाडीच होती. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे गाडीवान राहत, त्यांना आम्ही मामा म्हणायचो. त्यांची नात आमच्या मुलीची खेळगडी. "मामा आपल्याला नेतील," हे म्हणायचे, "सहा वर्षांचा संबंध आहे." मी म्हणायची, बैलगाडीला दोन दिवस लागणार, मुक्काम कोणाच्या गावात करायचा? आणि उघड्या गाडीवर आपलं सगळं सामान, आपण वर बसलेले, म्हणजे आपली मिरवणूकच काढायची की. हे म्हणायचे, तुला प्रत्येक माणसात वाईटच दिसतं. मी म्हणायची, दिसतं, कारण मी डोळे उघडे ठेवून बघते.

मग एका दुपारी मामा स्वतःच आले. आमच्याकडे न बघता, टोपी हातात घेऊन त्यांनी सांगून टाकलं. "गुरुजी, गाडी मागाल तं मी न्हाई म्हननार न्हाई. पन नका मागू. वाटंत कोनी इचारलं की ही कोनाची मान्सं, तं खोटं बोलायची हिंमत माझ्यात न्हाई. मी भेकड मानूस हाये. चार दिस झाले इचार करून राह्यलो, म्हनलं सांगून टाकावं." एवढं बोलून ते उठले. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्या पंधरा दिवसांत आमच्याशी खरं बोललेला तो एकच माणूस होता, आणि मी त्यांना बळंच चहा पाजला.

नंतर हे एक दिवस जालन्याला जाऊन आले. मोंढ्याजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या हापिसात त्यांनी चौकशी केली. मोठी पेढी, पाच-सहा ट्रक, माल वेळेवर पोचवण्याबद्दल नाव. मुनशीने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बिल्टी फाडायला घेतली. बिल्टी म्हणजे मालाची पावती. पाठवणाऱ्याचं नाव, आडनाव, गाव, घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता, हे सगळं तिच्यावर लिहायचं आणि तो कागद ड्रायव्हरजवळ राहायचा. वाटेत कोणी गाडी अडवली की ड्रायव्हर पहिल्यांदा बिल्टी काढून दाखवतो, ही रीतच आहे. ह्यांनी आडनाव सांगितलं. मुनशीने पेन उचललं आणि म्हणाला, "गुरुजी, लिहायला मला काहीच न्हाई. पर ये कागज रास्ते में सब लोग देखेंगे." बिल्टीशिवाय नेता का, असं ह्यांनी विचारलं. त्यावर तो म्हणाला, बिल्टीशिवाय आमच्या गाडीत सुई हलत नाही. हे तसेच परत आले आणि मला म्हणाले, "माणूस चांगला होता." मी कपाळावर हात मारून घेतला.

तिसरी गाडी मी शोधली. कुंभार पिंपळगावात बाजारपेठेत एक शेटजी होते, घराणं राजस्थानचं, पण चार पिढ्या इथेच. धान्याची आडत आणि शेजारी किराण्याचं दुकान. महिन्याचं वाणसामान आम्ही त्यांच्याकडूनच भरायचो. त्यांचा स्वतःचा ट्रक होता आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तो जालन्याच्या मोंढ्यात माल घेऊन जायचा. बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. दुकानात गर्दी होती. शेटजी गादीवर बसले होते, समोर चार-पाच शेतकरी, दोन बायका तेल घेत उभ्या. मी गर्दी कमी व्हायची वाट बघत होते.

आमची मुलगी तशी माणसांची वेडी. बोलायला लागली तेव्हा तिच्या तोंडात पहिले शब्द आले ते आई, बाबा, भूभू आणि जयभीम. वडीलमाणूस दिसला की दोन्ही हात जोडून जयभीम करायचा, हे ह्यांनी तिला शिकवलं होतं, आणि ती ते इतक्या मनापासून करायची की दूध घालायला येणाऱ्याला करायची, पोस्टमनला करायची, दाराशी आलेल्या गायीलासुद्धा करायची. आम्हाला त्याचं कोण कौतुक. त्या दिवशी ती माझा हात सोडून गादीपाशी गेली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "जयभीम, शेटजी."

तेल घेणारी बाई माझ्याकडे बघायला लागली. एक शेतकरी नुसताच हसला, ते हसणं मला अजून दिसतं. शेटजींनी मुलीच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि ह्यांना म्हणाले, "मास्तर, अंदर या."

आतल्या खोलीत पोत्यांच्या थप्प्या होत्या. शेटजी बसले नाहीत, आम्हालाही बसा म्हणाले नाहीत. मी सगळं एका दमात सांगितलं. ते म्हणाले, "गाडी देतो. बिल्टी माझ्या तुरीची राहील, तुमचं सामान तुरीच्या मधात. पर मास्तर गाडीत बसणार न्हाई. सडकेवरच्या गावांत त्यांना पोरंसोरं वळखतात. बाई आणि लेकरू बसेल, मुनीमाच्या घरचे म्हणून." मग त्यांनी मुलीकडे बघितलं. ती खडीसाखर चोखत होती. "आणि हिचं ते बंद करा. बाई, माझी बी गाडी जळेल. ड्रायव्हर बालबच्चेवाला आहे. पुढच्या बाजारापर्यंत टाइम आहे तुम्हाला. आवरलं तर माणूस पाठवून कळवा, न्हाई आवरलं तर दुसरी गाडी बघा." त्यांनी उपकाराचा आव आणला नाही. त्यांनाही भीती वाटत होती आणि त्यांनी ती लपवली नाही. म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

घरी आल्यावर हे म्हणाले, "मी तिला शिकवलं, मी ते पुसणार नाही. पोरांना रोज वर्गात सांगतो, खरं बोला, मान वर करून बोला. आणि घरात हे?"

"मग पोरगी जाऊ द्यायची का?" मी विचारलं. मी इतक्या मोठ्याने ओरडले होते की शेजारची खिडकी लागल्याचा आवाज आला.

आठवडाभर मी माझ्या लेकराला विसरायला शिकवलं. पहिल्यांदा नुसतं सांगितलं, जयभीम म्हणायचं नाही, रामराम म्हणायचं. ती म्हणाली, का? तिने दहा वेळा विचारलं आणि अकराव्यांदा मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही, बघत राहिली. आयुष्यात मी पुष्कळ जणांशी वाईट वागले असेन, पण त्या एका धपाट्याची लाज मला आजही वाटते.

मग मी खेळ केला. मी बाहेर जायची, दाराची कडी वाजवायची, पाहुणी होऊन आत यायची. तिने रामराम म्हटलं की हातावर गुळाचा खडा. पहिल्या दिवशी ती 'जयभीम रामराम' असं जोडून म्हणायची आणि दोन खडे मागायची. तिसऱ्या दिवसापर्यंत जयभीम गळून पडला. गुळाच्या आशेने ती खांबाला, भिंतीला, मांजराला रामराम करत सुटली आणि लगेच उजवा हात पुढे करायची. मला हसू यायचं, आणि हसून झालं की मी पुन्हा कडी वाजवायची. हे कोपऱ्यात पाठ करून पेपर तपासत बसायचे. जेवण त्यांचं निम्म्यावर आलं होतं. मी शेटजींना निरोप पाठवला की आवरलं.

निघायच्या आदल्या दिवशी हे सायकलीवर आडरस्त्याने पुढे गेले. काळ्या मातीचा चिखल, सायकल निम्मा रस्ता खांद्यावरच न्यावी लागणार होती. मुलीचा मुका घेतला आणि तिला काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग तसेच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. शेटजींच्या दोन हमालांनी माल लावायची पद्धत मी जन्मभर विसरणार नाही. खाली तुरीच्या पोत्यांचा एक थर, त्यावर मधोमध आमचं सामान, चारी बाजूंनी पोत्यांची भिंत, वरून पुन्हा पोती आणि त्यावर ताडपत्री. पुस्तकांची ट्रंक, हंडे, पाटा-वरवंटा, दोन तसबिरी गुंडाळलेली गादीची वळकटी, सगळं तुरीच्या पोटात गेलं. बाहेरून बघणाऱ्याला नुसती तूर. आमच्या सहा वर्षांच्या संसाराची एक काडी कुठे दिसत नव्हती. मी हिरव्या बांगड्या भरल्या होत्या आणि कुंकू रोजच्यापेक्षा मोठं लावलं होतं.

ड्रायव्हर जालन्याचे मुसलमान होते, पन्नाशीकडे झुकलेले. त्यांनी मला केबिनमध्ये चढवलं आणि एवढंच सांगितलं, "बाई, तुम्ही बिलकुल बोलू नका. जे बोलायचं ते मैं बोलता." हमाल मागे ताडपत्रीवर बसले. घनसावंगी मागे पडली तोवर मी मुलीला मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं. ती चुळबुळत होती, समोरच्या काचेवर धरलेली वाफ बोटाने पुसत होती. अंबडच्या अलीकडे एका गावाजवळ सडकेवर बाभळीची फांदी आडवी पडलेली दिसली. वाऱ्याने पडलेली फांदी अशी बरोबर मधोमध पडत नाही. ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि "या अल्ला" म्हटलं, अगदी बारीक आवाजात.

दहा-बाराजण होते. पाऊस भुरभुरत होता, सगळ्यांच्या डोक्यावर पोत्याच्या खोळी. एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता. त्यांच्यातला एकजण पुढे आला.

"कोनाची हाये गाडी?"

"शेटजीची. तूर है, मोंढ्यात चालली." ड्रायव्हरने बिल्टी काढून दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"अन् ही बाई?"

"मुनीमजीच्या घरची. माहेराला चालली."

तो फिरून माझ्या बाजूला आला आणि पायरीवर चढला. खिडकीची काच खाली होती. तिशीचा माणूस, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्याचं तोंड माझ्या मुलीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. मला वाटलं, आता ती म्हणणार. आठवड्याचं शिकलेलं एका क्षणात पुसलं जाणार. मी मनातल्या मनात काय काय म्हणत होते, कोणाला हाक मारत होते, मला आठवत नाही.

मुलीने हात जोडले. "रामराम, काका," ती म्हणाली. आणि सवयीने उजवा हात पुढे केला.

तो माणूस हसला. अगदी साधं, घरातल्या लेकराकडे बघून हसतात तसं. त्याने खोळीखाली हात घालून खिसा चाचपला आणि मूठभर शेंगदाणे काढून तिच्या हातावर ठेवले. "गुनाची हाये," तो मला म्हणाला. मी मान हलवली. मग त्याने तिच्या गालाला हात लावून विचारलं, "नाव काय गं तुझं?"

अख्ख्या आठवड्यात ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. मला भांडता येतं, माणसं पारखता येतात, एवढी हुशारी मिरवणारी मी, आणि हे मला सुचलं नव्हतं. मुलीचं नाव आम्ही मोठ्या हौसेने ठेवलं होतं, धम्मातून निवडून, अर्थ बघून. आमच्या भागात ते नाव कानावर पडलं की पुढे आडनाव विचारायची गरज कोणाला पडत नाही.

तिने तोंड उघडलं होतं. तिच्या आधी मीच बोलले. ड्रायव्हरने गप्प बसायला सांगितलं होतं, तरी बोलले. मामांच्या नातीचं नाव सांगून टाकलं, तेच पहिलं तोंडात आलं.

मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं. नाव तिच्या चांगलं ओळखीचं होतं. साडेतीन वर्षांच्या पोराला मोठ्यांची चूक दुरुस्त करायची किती हौस असते, ते आईला माहीत असतं. आई, ते तर तिचं नाव, एवढं तिने म्हणायचाच अवकाश होता. त्या माणसाचा हात अजून तिच्या गालावर होता. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घातली आणि एक शेंगदाणा तोंडात टाकला.

"जाऊ द्या रे," तो खाली उतरत म्हणाला. फांदी बाजूला झाली.

अंबडला ड्रायव्हरने गाडी उभी केली. त्यांनी खाली उतरून बिडी पेटवली. मला पाण्याची बाटली दिली. मी आधी मुलीला पाजलं. मग मला जे रडू फुटलं ते काही केल्या थांबेना, आणि मुलगी माझ्या मांडीवर गप्प बसून होती. एरवी मी रडले की डोळे पुसायला यायची.

दिवस मावळायच्या आत जालन्याला पोचलो. हे वस्तीच्या तोंडाशीच उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखल, बहुतेक सकाळपासून तिथेच. त्यांनी मुलीला उचलून घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. हमालांनी पोती काढून आमचं सामान खाली घेतलं, हंडे-भांडी, ट्रंक, वळकटी. सगळं शाबूत होतं, एक कपसुद्धा फुटला नव्हता. मी ते बघून हसले. मला वाटलं, सुटलो. गाडी मी बरोबर निवडली होती आणि हे मी ह्यांना पुढे कितीतरी वर्षं ऐकवणार होते.

शेजारच्या खोलीतल्या बाई चहाची किटली घेऊन आल्या. पन्नाशीच्या, गोऱ्या, कपाळावर गोंदण. "जयभीम, बाई," त्या म्हणाल्या. मीही जयभीम म्हटलं. आठवडाभरानंतर तो शब्द तोंडात आला. मग त्या मुलीसमोर उकिडव्या बसल्या, तिची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "अगं माय, किती ग्वाड. नाव काय गं तुझं?"

तिने बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याजवळ येऊन तिने पदर ओढला, मला खाली वाकायला लावलं आणि कानात विचारलं. पोरं कानात बोलतात ते सगळ्यांना ऐकू जातं, तसंच तेही गेलं.

"आई, इथं कोणतं सांगू?"

बाई हसल्या. त्यांना वाटलं लेकरू लाजतंय. हे ट्रंक उचलून आत न्यायला निघाले होते, ते ट्रंक हातात धरून तसेच दारात उभे राहिले.